लासोंगचं भात

त्या साली आमच्या लोंग तानिदच्या खोऱ्यात भात असं आलं होतं, की लोंब्यांच्या भारानं ताटं कलायला लागली होती. आणि नेमका कापणीच्या तोंडावर लासोंगनं पाय मोडून घेतला.

'मोडून घेतला' असंच सगळं लांबघर म्हणायचं; एकाच लांब छपराखाली आमची सगळ्यांची बिऱ्हाडं. ओंडका घसरला हे खरं. पण त्या आठवड्यात रानात जायचं कुणालाच कारण नव्हतं. पिकलेलं भात सोडून लाकडं तोडायला कोण जातं? लासोंग गेला. कापणीनंतरच्या उपकारस्तुतीच्या रविवारी प्रार्थनाघराला मीठ द्यायची आमची रीत. जो तो आपापल्या परीनं देतो. लासोंगनं यंदा भर मंडळीत उभं राहून सांगून टाकलं होतं, "सगळं लांबघर मिळून जेवढं मीठ देईल, तेवढं माझ्या एकट्याच्या घरातनं येईल."

मीठ काय वाटेवर पडलेलं नसतं. डोंगराखालच्या विहिरीचं खारं पाणी काढायचं, काहिलीत ओतायचं आणि खालचा जाळ तीन दिवस विझू द्यायचा नाही. पाणी आटून मीठ तळाला बसलं, की ते ओल्या बांबूत ठासायचं आणि बांबू निखाऱ्यात घालायचा. बांबू जळतो, आत मिठाची घट्ट कांडी उरते, ती पानात गुंडाळायची. एका काहिलीला लाकूड किती लागतं, ते ज्यानं ओढलंय त्याच्या पाठीला विचारावं.

त्या दिवशी दायांग, त्याची मुलगी, बरोबर होती. वीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची.

"बाबा, उतार निसरडा झालाय. आज राहू दे."

"उद्या रविवार. आज राहिलं की राहिलंच."

"मग परवा येऊ."

"परवापासून कापणी. टोपली धर नीट, आणि तोंड बंद ठेव."

तोडलेला ओंडका त्यानं पायानं ढकलला. ओंडका जरा पुढं गेला, ओल्या मातीवर फिरला आणि त्याच्याच अंगावर परत आला. दायांग सांगते, आवाज झाला तो वाळका बांबू मोडावा तसा. लासोंग ओरडला नाही. नुसता बसला, आणि आपली नडगी नको त्या जागी वाकलेली बघत राहिला.

आम्ही चौघांनी त्याला वेताच्या झोळीत घालून आणलं. खाली उतरेपर्यंत तो एकच विचारत होता, "माझी कुऱ्हाड घेतली का?"

लासोंग कसा होता, ते सांगायला हवं. बाप्तिस्मा घ्यायच्या आधी आमच्या खोऱ्यात त्याच्याएवढं बोराक कुणी पीत नव्हतं. भाताच्या दारूचा रांजण उघडला की तीन-तीन दिवस तो रांजणापाशीच. अशाच एका मेजवानीत, नऊ वर्षांपूर्वी, कशावरून तरी शब्दाला शब्द लागला आणि लासोंगनं कोयता उगारला. तागालनं डावा हात आडवा धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. कशावरून भांडण झालं ते दोघांनाही नंतर आठवेना.

पुढं येशूची सुवार्ता आली. सगळं लांबघर नदीत उतरलं, त्यात लासोंग उतरला आणि तागालही उतरला. आम्ही रांजण फोडले. पाखरांची भीती सोडली. पूर्वी डाव्या अंगानं कोळ्या पाखरू ओरडलं, की अपशकुन मानून अर्धी लावणी टाकून माणसं घरी यायची. आता पाखरू ओरडलं तर पोरं त्याला दगड मारायची.

बाकीचे आम्ही नदीतून वर आलो आणि कामाला लागलो. लासोंग जो कामाला लागला, तो थांबलाच नाही. प्रार्थनाघराचे बाक त्याचे, छपराच्या फळ्या त्याच्या, नदीपासूनच्या पायऱ्या त्याच्या. कोंबडा आरवायच्या आधी हा प्रार्थनेला बसलेला. एखाद्या दिवशी डोळा लागून उशीर झाला, तर दिवसभर तोंड उतरलेलं. कुऱ्हाडीला हात लावायचा नाही, वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही. आज काहीतरी होणार म्हणायचा. दर साली कापणीनंतर तागालच्या खोलीच्या पायरीवर मिठाच्या कांड्या ठेवून यायचा. चार वर्षं ठेवल्या. तागालशी बोलायचा मात्र नाही.

तागाल बाप्तिस्म्यानंतरही तंबाखू ओढायचा. मळ्यात, नदीवर, कधीकधी प्रार्थनाघराच्या पायरीपर्यंत. गुरू सेलुतान, आमचे उपदेशक, त्याला म्हणायचे, "सोड की रे." तो म्हणायचा, "सोडतोय, गुरू. सावकाश सोडतोय." त्या साली पावसाळ्यात प्रभुभोजनाच्या वेळी येशूच्या आठवणीच्या भाकरीचं ताट तागालपुढं आलं, तसा मंडळीचा वडीलधारा म्हणून बसलेला लासोंग उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्या हाताला तंबाखूचा वास, त्या हातानं ही भाकर उचलू नये."

तागालनं पुढं केलेला हात मागं घेतला. नेमका तो तीन बोटांचाच हात होता. तागाल उठून गेला आणि त्यानंतर आला नाही.

लासोंगनं इर्जीकही सोडली. आठ घरांची आमची इर्जीक, आळीपाळीनं एकमेकांची शेतं कापायची. तिथं तागाल असायचा, तंबाखू असायची, चावट गाणी असायची. "देवाच्या माणसानं त्या धुरात उभं राहू नये," लासोंग म्हणाला. "माझं शेत माझं मी बघेन."

आणि आता तो भिंतीला टेकून आडवा पडला होता.

गुरू सेलुताननी बांबूच्या कामट्या बांधून पाय सरळ केला. सरळ करताना लासोंगनं तोंडातला वेताचा तुकडा चावून चावून पिंजून काढला. औषधांचं विमान दोनच दिवसांपूर्वी येऊन गेलेलं, आता तीन आठवडे यायचं नव्हतं.

"गुरू," घाम पुसत लासोंगनं विचारलं, "कशाबद्दल झालं हे? माझं काय चुकलं असेल?"

"उतार ओला होता."

"तसं नाही. कुठलं पाप?"

"लासोंग, ओला उतार होता आणि ओंडका गोल होता," सेलुतान गाठ आवळत म्हणाले. "आता हलू नकोस. सहा आठवडे."

"सहा आठवडे? मग मीठ? मग मी देवाच्या काय कामाचा?"

सेलुताननी त्याच्याकडं बघितलं. ते आमच्यातलेच, किनाऱ्याकडं जाऊन चार वर्षं शिकून आलेले. बोलायचे कमी.

"कामाचा होतास म्हणून त्यानं तुला घेतलं, असं कुणी सांगितलं तुला? नदीत उतरलास त्या दिवशी तुझ्या तोंडाला बोराकचा भपकारा येत होता. मीच धरलं होतं तुला. मान फिरवून बाप्तिस्मा दिला मी."

रिनिंग, लासोंगची बायको, चुलीपाशी होती. ती खुदकन हसली. लासोंगला ते आवडलं नाही.

सोमवारी रिनिंग आणि दायांग दोघीच शेतात उतरल्या. लासोंगचं शेत म्हणजे आमच्या कुणाच्याही दीडपट. दरसाल बांध पुढं सरकवून त्यानं दलदल फोडली होती, प्रार्थनाघराला भात जास्त देता यावं म्हणून. दोन बायका, दोन विळे. दिवसभर कापून संध्याकाळी वर बघितलं तर कोपरासुद्धा मोकळा झालेला नाही.

इकडं लासोंग चटईवर. अडीच हात रुंद माणूस, पण लघवीलासुद्धा बांबूचं नळकांडं लागायचं, आणि ते रिकामं करायला रिनिंग शेतातून दुपारी यायची. मागून धुवायचं तेही तीच करायची. तो भिंतीकडं तोंड करायचा.

"माझ्याकडं बघू नकोस," तो म्हणायचा.

"काय बघायचंय त्यात? तीस वर्षं बघतेय." ती फडकं पिळायची. "उचल जरा. अजून. हां."

पडल्या जागेवरून त्याला लांबघराच्या ओटीवरून जाणारे पाय तेवढे दिसायचे. चिखलाचे पाय, टोपलीच्या भारानं फाकलेले पाय. पलीकडून इर्जिकेची गाणी ऐकू यायची. पायाला खाज सुटली की तो वेताच्या काडीनं कामट्यांच्या आत खाजवायचा. काडी मोडली तर हाक मारायला जवळ कुणी नसायचं.

बुधवारी दक्षिणेच्या डोंगरावर ढग साचायला लागले. काळे नव्हेत, शिशासारखे. असे ढग आले की चार-पाच दिवसांत लागून पाऊस येतो आणि आडवं पडलेलं भात चिखलातच मोड धरतं. वरून मुनियांचे थवे. एक थवा उठला की शेतावरची सावली हलायची. दायांग विळा टाकून त्यांच्यामागं धावायची, तोवर दुसरा थवा दुसऱ्या टोकाला.

दुपारी रिनिंग आली ती बसलीच. हाताचे तळवे सोललेले होते. तिनं ते मिठाच्या पाण्यात बुडवले आणि दात दाबून धरले.

"मी तागालदादाकडं जाते," ती म्हणाली. "आज म्हशी घेऊन परत आलाय म्हणे. इर्जिकेला विचारते."

"नाही जायचं."

"पाऊस येतोय."

"येऊ दे. मी सोडली इर्जीक. मी यंदा कुणाच्या शेतात एक पेंढी कापली नाही. कुठल्या तोंडानं मागायचं?"

"तुमच्या नको, माझ्या तोंडानं मागते."

"रिनिंग! त्या माणसाकडून मी काही घेणार नाही. त्याला मी देतो. त्याच्याकडून घेत नसतो."

रिनिंगनं हात पाण्यातून काढले. "देताय तरी कुठं? पायरीवर टाकून येता," ती म्हणाली, आणि विळा घेऊन निघून गेली.

ती कुणाकडं गेली नाही. नवऱ्याचा शब्द मोडायचा तिचा स्वभाव नव्हता. पण लांबघरात भिंती बांबूच्या असतात. आमच्या आणि त्यांच्या खोलीत एकच भिंत. माझ्या बायकोनं ऐकलं, तिनं तागालच्या बुलानला सांगितलं, आणि बुलाननं नवऱ्याला.

गुरुवारी सकाळी, लासोंग नुकताच भात-भाजी खाऊन पडला होता, तेव्हा दारात तागाल उभा राहिला. उंच, काटकुळा. ओठात विडी, कमरेला विळा. त्याच्यामागं आम्ही अकराजण.

"रिनिंगवहिनी, तुमच्याकडं टोपल्या किती?" तागालनं विचारलं. "आमच्या सात आहेत. कमी पडतील."

आतून लासोंगचा आवाज आला, "कोण ते? कशाला टोपल्या?"

"तुझं भात कापायला."

"मी बोलावलं नाही."

"नाही बोलावलंस."

"मी इर्जिकेत नाही, तागाल."

"तू नाहीस. भात आहे ना शेतात? आम्हाला भाताशी काम आहे." तागाल वाकून आत डोकावला. धूर आत शिरला. "काय रे, म्हशीचं रेडकू चिखलात रुतावं तसा पडलायस. पाय कसा आहे?"

"विडी बाहेर टाक आधी."

"टाकतो," तागाल म्हणाला, आणि विडी कानामागं ठेवून आम्हाला घेऊन उतरला.

त्या दिवशी आम्ही लासोंगच्या शेतात कापलं, आणि शुक्रवारी, आणि शनिवारी. एका ओळीत बारा विळे आणि रिनिंग, दायांग. तागाल डाव्या हाताच्या तीन बोटांत ताटं धरायचा. धरण्यात काही कमी नव्हतं, फक्त मूठ लहान, म्हणून हात जलद चालवायचा. चावट गाण्यांचा हा ढीग. दायांग पहिल्यांदा लाजली, दुसऱ्या दिवशी आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणायला लागली. पाठी वाकून मोडायची वेळ आली, मानेवर कुसळं टोचून पुरळ उठलं, जळवा पोटरीला चिकटल्या तशाच राहिल्या. कुणी वर बघत नव्हतं. वर बघितलं की ढग दिसायचे.

लासोंग घरात तळमळत होता. आम्ही दुपारी जेवायला ओटीवर बसलो की आतून हुकूम सुटायचे. "रिनिंग, रानडुकराचं मुरवलेलं मांस सगळं काढ! नदीतले मासे घाल! लोकांना उपाशी ठेवू नकोस!" पहिल्या दिवशी त्यानं बायकोकरवी मिठाच्या कांड्या बाहेर पाठवल्या, माणशी दोन. कोपऱ्यात रचलेल्या होत्या त्या. प्रार्थनाघरासाठी आधीच करून ठेवलेल्या.

तागालनं आपल्या वाटणीच्या परत केल्या. "जेवू घाला, वहिनी. मीठ नको."

रिनिंग आत गेली. आतून आवाज आला, "का नको म्हणे? कमी पडतंय का? चार दे! पाच दे!"

"ऐकू येतंय मला," तागाल बाहेरून ओरडला. "कापू दे की बाबा नीट! मजुरी द्यायला कुणी सांगितलंय तुला?"

आम्ही सगळे हसलो.

शनिवारी दुपार कलता कलता शेवटची टोपली कोठीत रिकामी झाली. आम्ही नदीवर अंग धुवायला निघालो तेवढ्यात पाऊस आला. असा आला, की समोरचा डोंगर दिसेना. रिकाम्या शेतात नुसते खुंट उभे, त्यांच्यावर पाणी उडत होतं. रिनिंग ओटीवर उभी राहून भिजत होती आणि हसत होती. आम्ही तिला आत ओढलं.

पावसात कुणाला कुठं जाता येईना. तागाल लासोंगच्या खोलीत जाऊन चुलीपाशी बसला. मी दारात होतो. पुढचं बोलणं मी कानांनी ऐकलेलं आहे.

लासोंग छपराकडं बघत होता. मग म्हणाला, "तू का आलास?"

"भात पडलं असतं."

"तुला मी भाकरीवरून उठवलं. तुझी बोटं..." तो अडला. "तुला माझं शेत सडताना बघायला बरं वाटलं असतं."

"वाटलं असतं थोडं," तागाल म्हणाला. "बुधवारी वाटलंच होतं. मग बुलान म्हणाली, रिनिंगचे हात सोललेत. त्यावर काय करणार?"

"मी दर साली मीठ ठेवत होतो तुझ्याकडं."

"ठेवत होतास. खाल्लं आम्ही. मीठ चांगलं करतोस तू, कडवट लागत नाही." तागालनं चुलीत काटकी सारली. "पण एक सांगू? मीठ चार वेळा आलं. माणूस एकदाही आला नाही."

पाऊस इतका वाजत होता, की तागालला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"पायरीवर ठेवायचास आणि पळायचास. चोरी करून जावं तसा. पहिल्या वर्षी मी दाराआड उभा होतो. म्हटलं, आज येईल, बसेल. बुलाननं भात जास्त घातला होता. तू पायरीवरून उतरलास तो मागंसुद्धा बघितलं नाहीस. लासोंग, पूर्वी तू पाखराला भ्यायचास. आता येशूला भितोस. माझ्या दारात मीठ ठेवायचास ते माझ्यासाठी नव्हतंच. त्याच्यासाठी होतं. त्यानं मारू नये म्हणून."

लासोंगनं डोळ्यांवर हात घेतला. मी उठून जावं की बसावं, मला कळेना. रिनिंगनं मला बस म्हणून खूण केली.

"मी तुझी बोटं तोडली," लासोंग म्हणाला. नऊ वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. "कशावरून, तेही माहीत नाही. मी प्यालो होतो. पण हात माझाच होता. तू ओरडलास ते मला अजून ऐकू येतं. आणि वर त्याच हाताला मी..." रुंद छाती नुसती वरखाली व्हायला लागली. "सोड मला, तागाल. मला फेडता येत नाही."

"ते मी कधीच सोडलं."

"कधी?"

"नदीतून वर आलो त्याच दिवशी. गुरूंनी विचारलं ना, कुणाबद्दल मनात काही आहे का? होतं. म्हटलं, राहू दे आता. पाण्यातच सोडलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"थांबलास कुठं तू?" तागाल जवळजवळ ओरडलाच. "बाक कर, फळ्या कर, पायऱ्या कर! सांगायला तुझ्यामागं धावू किती मी?"

लासोंग रडता रडता हसला की हसता हसता रडला, ते काही मला सांगता यायचं नाही. नाकातून पाणी वाहत होतं आणि पाय हलला म्हणून मध्येच कळवळत होता. रिनिंगनं पातेल्यातला गरम गुरगुट्या भात पानावर वाढला. एकच पान मांडलं तिनं, दोघांच्या मध्ये. लासोंगला उठता येत नव्हतं. तागालनं तीन बोटांनी घास केला आणि त्याच्या तोंडाशी धरला. लासोंगनं क्षणभर त्या हाताकडं बघितलं. मग तोंड उघडलं.

"वास येतोय ना तंबाखूचा?" तागालनं विचारलं.

"येतोय," लासोंग घास चावत म्हणाला. "घाल अजून."

दुसऱ्या दिवशी रविवार. पाऊस उतरला होता, वाट चिखलाची. लासोंग म्हणाला, मला प्रार्थनाघरात जायचंय. सेलुताननी हलू नको सांगितलेलं. रिनिंग नको म्हणाली. तागाल म्हणाला, "मी नेतो." त्यानं खाली बसून पाठ दिली. आम्ही लासोंगला त्याच्या पाठीवर चढवलं, कामट्या बांधलेला पाय मी धरला. काटकुळा तागाल आणि वर हा रुंद गडी! लांबघरापासून प्रार्थनाघरापर्यंत तो वाकून, धापा टाकत चालला आणि वाटेत शिव्या देत होता, "काय खातोस रे तू? धोंडे? सगळ्या पायऱ्या तूच केल्यास ना? एवढ्या उंच कशाला केल्यास?" पोरं मागं मागं नाचत होती.

दारातून ते दोघं तसेच आत शिरले, तेव्हा गाणं चाललेलं थांबलं.

तागालनं त्याला पहिल्या बाकावर टेकवलं. लासोंगला उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो बसूनच बोलला.

"मी मीठ देणार म्हणालो होतो. ते होणार नाही. जेवढं आहे तेवढं देईन," तो म्हणाला. "आणि तीन महिन्यांपूर्वी या ताटापुढून मी एका माणसाला उठवलं. ताट माझं नव्हतं. मी बाक केले, म्हणून मला वाटलं ताटही मीच केलंय. आज मला त्याच माणसानं पाठीवर आणलंय. माझं भात कापलं, मी न मागता. मला मागायचं तोंडच नव्हतं. तागाल, मला माफ कर. मंडळीनंही करावं."

तागाल मानेचा घाम पुसत खाली बघत होता. सेलुतान उपदेशाच्या मेजामागून पुढं आले. त्यांनी उपदेश बऱ्यापैकी लांब लिहून आणला होता. हातात कागद होते. ते त्यांनी दुमडले आणि खिशात घातले.

"कृपा म्हणजे काय, हे आज सांगणार होतो," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंत. गाणं पुरं करू या."

त्या रविवारी प्रभुभोजन नव्हतं. ते पुढच्या महिन्यात झालं. ताट तागालपुढं आलं, तेव्हा त्यानं आधी आपला हात हुंगला. शेजारी बसलेल्या लासोंगनं त्याला कोपरानं ढोसलं, "घे रे!"

पाय जुळला, पण आखूड जुळला. विमानातून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलं, आता असाच राहणार. सहा आठवडे लासोंग पडून होता. त्या दिवसांत तो काय करायचा? झोपायचा. रिनिंग म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा तिनं नवऱ्याला उजाडल्यावर झोपलेला बघितला. एकदा प्रार्थनेची वेळ टळून गेली आणि तो उठून घाबऱ्याघुबऱ्या इकडंतिकडं बघायला लागला. रिनिंग म्हणाली, "काही पडलं का छप्पर?" त्यानं वर बघितलं. नव्हतं पडलं. मग त्यानं तिथंच पडल्या पडल्या हात जोडले.

लोकांना वाटलं होतं, हा आता ढिला पडणार. एकदा इर्जिकेत कुणीतरी म्हणालंही, "आता काय लासोंग, फुकटच मिळतंय सगळं. काम कशाला करायचं?"

"आता कुठं कामात मजा आहे," लासोंग म्हणाला. "आधी दर घावाला वर बघायचो, बघितलं का म्हणून. मान दुखायची."

तो इर्जिकेत परत आला. तागालनं तंबाखू सोडली नाही. कमी केली म्हणतो. लासोंग त्याला त्यावरून टोचतो, तोही लासोंगला पायावरून टोचतो.

पुढच्या लावणीला पहिली पाळी तागालच्या शेताची आली. आम्ही सगळे चिखलात उतरलो. गुडघाभर गाळ, थंडगार पाणी, हातात रोपांच्या जुड्या. लासोंगही उतरला.

"तू बांधावर बस आणि रोपं फेक," तागाल म्हणाला.

"बसलो की सहा आठवडे. सरक."

आम्ही ओळीनं मागं मागं सरकत लावत चाललो. आखूड पाय गाळात रुतायचा, तो दोन्ही हातांनी उपसून काढायला लागायचा. थोड्या वेळात आमच्या ओळी पुढं गेल्या आणि त्याची एकटी मागं राहिली. पूर्वीचा लासोंग असता, तर सगळ्यांच्या आधी बांधाला लागून मग मागं वळून आमच्याकडं बघत उभा राहिला असता. आता बायकासुद्धा त्याला मागं टाकून गेल्या, आणि बुलाननं जाता जाता ओरडून विचारलं, "लासोंग, भात लावताय की मासे धरताय?"

"दोन्ही!" तो ओरडला. चिखल त्याच्या भुवयांपर्यंत उडाला होता. एक एक रोप तो बोटानं दाबून नीट उभं करत होता. ओळ सरळ होती, पण संपायचं नाव नव्हतं.

आम्ही सगळे बांधावर चढून पाय धुवायला लागलो. अर्ध्याहून जास्त ओळ त्याची राहिलेली. तेव्हा दायांग परत पाण्यात उतरली. जुडी घेतली, त्याच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाशी वाकली आणि त्याच्याकडं लावत यायला लागली. मागून तागाल उतरला, मग मी उतरलो.

लासोंगनं मान वर करून आम्हाला येताना बघितलं. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं, कमरेवर हात ठेवून पाठ जरा सरळ केली, आणि आम्हाला येऊ दिलं.